वाटीभर सिमेंट

बाळीवेस, सोलापूर
संक्रांत होऊन गेली, गड्ड्याच्या जत्रेतले पाळणे अजून उतरवतायत

दुधनीचे नामांकित अडत व्यापारी, सगळ्या तालुक्याच्या शेंगांचा भाव जिभेवर ठेवणारे, श्रीमान महादेवप्पा यांस,

थोरली बहीण चंद्रव्वा हिचे आशीर्वाद. कोण चंद्रव्वा, असं विचारत गादीवरून उठू नकोस. तुझ्या आधी जन्मलेली, तुला कडेवर घेऊन अख्खी दुधनी हिंडलेली, तीच. आठवण करून द्यावी लागते, कारण दिवाळीला तुझं कार्ड आलं त्यात शेवटी लिहिलं होतं की दाजींच्या गुडघ्याला आता कसं आहे. तम्मा, दाजींच्या गुडघ्याला आता अगदी आराम आहे. दुष्काळाच्या साली ते गेले, तेव्हापासून गुडघ्याची एकदाही तक्रार नाही. तू स्वतः मातीला आला होतास, सगळ्यांत मोठ्यानं रडलास, आणि जाताना छत्री इथंच विसरून गेलास. (दुष्काळात छत्री घेऊन फिरणारा सगळ्या जिल्ह्यात तू एकटाच होतास, म्हणून ती कुणाची हे विचारावं लागलं नाही.) असो. भावजयीला, सुनांना, नातवंडांना आशीर्वाद, थोरामोठ्यांना शरणु, आणि तुझ्या बैलाला माझी विचारपूस. त्याला तरी मी आठवत असेन.

हे पत्र वच्छला लिहिते आहे. ही आमच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहते, जेऊरकडची पोर, इथं शाळेत बाई आहे. मी सांगते आणि ती लिहिते, पण मी 'न्हाय' म्हटलं की तिच्या पेनातून 'नाही' उतरतं आणि मी चिडून काही म्हटलं की ते उतरतच नाही. तेव्हा वाचताना बहीण म्हातारपणी शिकली की काय असं तुला वाटेल. तसं काही झालेलं नाही. मला अजून बसवरची पाटी वाचता येत नाही; ओळखीचं माणूस कुठं चढतं ते बघते आणि त्याच्या मागं चढते. त्यामुळं एकदा लग्नाला निघालेली मी अक्कलकोटला दर्शन घेऊन आले. तेही वाईट झालं नाही.

तू माझी तब्येत विचारली नाहीस तरी सांगते. उजवा खांदा गेला आहे. म्हणजे आहे जागेवर, पण माझं ऐकत नाही. रात्री कूस बदलायची तर आधी त्याला विचारावं लागतं. डाव्या हातानं वेणी घालते आणि ती कुठं जाते ती जाते. हे सगळं कशानं झालं ते सांगायचं तर दसऱ्यापासून सुरुवात करावी लागेल, तेव्हा दुकानातल्या माणसाला हाक मारून चहा सांग आणि मग वाच.

आमचं परडं तू पाहिलं आहेस, म्हणजे त्यात बाज टाकून झोपला आहेस. न्हाणीच्या मागं एवढीशी जागा. एक लिंबोणी, दोन कढीपत्त्याची झाडं, कोपऱ्यात शेवगा, भिंतीच्या कडेनं मिरच्या, आणि मधे मला बसायला एक दगड. घरात शिधा काय आणायचा ते लेक सिद्धनाथ ठरवतो. शिजवायचं काय ते सून दाक्षायणी ठरवते. रेडिओ कधी लावायचा ते दोघं भांडून ठरवतात. मला विचारून जिथं काही होतं अशी जागा ह्या घरात ती एवढीच. तिथली मिरचीसुद्धा मला विचारल्याशिवाय लाल होत नाही. आता सिद्धनाथ गिरणीत हजेरी घेतो हे तुला माहीत आहे. (माहीत नसेल तर आता झालं.) दिवसभर कोण वेळेवर आलं आणि कोण नाही एवढंच बघायचं, त्यामुळं घरी आल्यावरही कुणी कामाशिवाय उभं दिसलं की त्याला खपत नाही. लिंबोणी त्यात सापडली. दसऱ्याचं सोनं वाटून झालं, आणि जेवता जेवता तो म्हणाला की परड्यात दोन खोल्या काढू, भाड्यानं देऊ, ती झाडं नुसतीच उभी आहेत. (वच्छला, तू लिही. मी भाडेकरूंबद्दल बोलते आहे, तुझ्याबद्दल नाही.)

मी घास तोंडात धरून बसले. मग माझ्या तोंडून जे निघालं ते निघायला नको होतं. मी म्हटलं, माझी झाडं नुसती उभी नाहीत, ती आपलं पोट आपण भरतील, आणि वर तुला देतील. सिद्धनाथ हसला. त्याचे वडील हसायचे तसाच, म्हणजे समोरच्याला आपण लहान वाटावं असा. म्हणाला, "बरं अव्वा, गड्ड्यापर्यंत मुदत. तोवर परड्यानं काही कमावून दाखवलं तर गवंड्याला बोलवत नाही." दाक्षायणीनं ताटात मान घातली. मला कळलं की हसते आहे.

आयुष्यात मी काही विकलेलं नाही. विकणं म्हणजे तुझ्यासारखं गादीवर बसून रुमालाखाली एकमेकांची बोटं चेपणं, एवढंच मला ठाऊक. पण म्हटलं, भावाच्या अंगात एवढं आहे तर बहिणीच्या अंगात चमचाभर तरी असेल. कढीपत्ता सावलीत वाळवला, तेलावर कुरकुरीत केला, शेंगदाणे, तीळ, लसूण, परड्यातल्याच वाळल्या मिरच्या, चिंचेचं एक बोटुक, आणि सगळं उखळात घालून कुटायला बसले. दाक्षायणी म्हणाली, पिठाच्या गिरणीत नेऊन दळून आणते, कशाला खांदा मोडून घेता. मी म्हटलं, गिरणीत चटणीला गव्हाचा वास लागतो, आणि दाण्याचं तेल सुटतं ते मुसळाखालीच. (खांद्याचं तिचंच बरोबर निघालं. ते तिला सांगू नकोस.) लिंबाचं लोणचंही घातलं, गच्चीवर उन्हात ठेवलं, आणि रोज जिना चढून ते हलवून आले. लोणचं मुरलं तोवर मीही बऱ्यापैकी मुरले होते.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून शेजारची बजाबाई निवडली, कारण तिच्या घरी खाणारी तोंडं पुष्कळ आणि तिला स्वतःला चटणी कुटायचा कंटाळा. वाटी भरली, वर ताटली झाकली, निघाले. भाव मनात पाठ करत होते. तिनं बसायला पाट दिला, वाटी घेतली, वास घेतला, डोळे मिटले. आणि भाव सांगायला म्हणून तोंड उघडलं तर त्यातून बाहेर आलं, पोरांना आवडेल बघ. जीभ वळलीच नाही रे. ज्या दारात बाळंतपणाला गेले, तापात पट्ट्या ठेवायला गेले, त्या दारात भाव कसा सांगायचा ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मनात म्हटलं, वाटी परत द्यायला येईल तेव्हा सांगू, तेव्हा ती आमच्या दारात असेल.

आली दुसऱ्या दिवशी. वाटीत काठोकाठ खरवस. तिची म्हैस व्याली होती. मी म्हटलं, अगं हे कशाला, तर म्हणते, "रिकामी वाटी कशी आणू आज्जी? हाताला बरं वाटत न्हाय." आता तूच सांग तम्मा, एका हातात खरवस धरून दुसऱ्या हातानं भाव कसा मागायचा? आणि तिला बोलायला मला तोंडही नव्हतं. ह्या गल्लीत नवी सून आली की तिला हे वळण मीच लावलेलं आहे. घरात काही नसलं तर साखरेची चिमूट, तीही नसली तर दोन लिंबं, पण शेजारणीचं भांडं रिकामं धाडायचं नाही. कानीकपाळी ओरडून शिकवलं. आणि पोरी शिकल्या की. दुसरं काही सांगितलेलं कुणी ऐकलं नाही, हे मात्र सगळ्यांनी ऐकलं.

समोरच्या हेमावतीकडे वाटी दिली. तिच्या घरी चादरींचे माग आहेत, तेलगू माणसं, तिखट खाणारी. म्हटलं, ती तरी व्यवहाराला पक्की असेल. वाटी परत आली ती चिंचेच्या भातानं भरून, असा झणझणीत की सिद्धनाथ दोन तांबे पाणी प्याला आणि पुन्हा वाढ म्हणाला. मग बजाबाईला कळलं की हेमावतीनं भात दिला. तिला तो खरवसापेक्षा वरचढ वाटला असावा, कारण पुढच्या वाटीबरोबर धपाटे आले आणि धपाट्यांवर लोणी. ते हेमावतीला कळलं. मग मागच्या बोळातल्यांना कळलं. झालं. मी वाटी देते, वाटी येते, आणि येताना दर खेपेला थोडी अधिक जड येते. कार्तिकाच्या शेवटी आमच्या घरात संध्याकाळची चूल पेटायची बंद झाली. दाक्षायणी पाय पसरून रेडिओ ऐकायला लागली आणि चार बायकांना सांगायला लागली की सासूबाईंचा धंदा जोरात आहे. सिद्धनाथच्या सदऱ्याची बटणं लागेनात. मी एकटी उखळापाशी. माझा कढीपत्ता शेंड्यापर्यंत ओरबाडून झाला, झाडं अशी दिसायला लागली की सुतक आल्यासारखं कुणी त्यांचं मुंडण केलंय. परडं वाचवायला निघाले आणि परड्याला पान ठेवलं नाही.

मग वच्छलानं तोड काढली. (स्वतःबद्दल लिहिताना तिचं अक्षर सुंदर आलं असेल, बघ.) ती म्हणाली, आजी, वाटी देता म्हणून वाटी परत येते. कागदाच्या पुडीत द्या. पुडी कोण परत करतं? मला पटलं. शिकलेल्या माणसाचं डोकं चालतं ते असं. शाळेतले जुने पेपर तिनं आणले, मी पुड्या बांधल्या, दोऱ्यानं आवळल्या, आणि बजाबाईच्या हातात एक ठेवली. तिचं तोंड उतरलं. पुडी काय, मी दुकानात आले काय, असं काहीसं पुटपुटली, पण घेऊन गेली. मी घरी येऊन दगडावर बसले आणि बऱ्याच दिवसांनी हातपाय सैल सोडले. तिसऱ्या दिवशी बजाबाई आली. तिनं तो कागद पुसून, हातानं सुरकुत्या काढून, त्याची पुन्हा पुडी वळली होती आणि तीत भाजलेले शेंगदाणे भरले होते. म्हणाली, कागद झाला तरी तुमच्या घरचा. दोरासुद्धा तोच बांधला होता. वच्छलानं तो कागद उघडून पाहिला. कुणा पोराला गणितात भोपळा मिळाला होता. मी म्हटलं, मलाही.

आता गल्लीचा नादच सोडायचा असं ठरवलं. ज्याला लाज नाही, माया नाही, शेजारधर्म नाही, असं माणूस शोधायला लागले, आणि मला कोपऱ्यावरचा रावजी आठवला. किराणा दुकानदार. तागडीत एक दाणा जास्त पडला तर तो बोटानं उचलून परत पोत्यात टाकणारा माणूस. मी चिनी मातीची बरणी भरून त्याच्याकडे नेली आणि जमिनीकडे बघत सांगितलं की हे विकायला ठेव. त्यानं काही विचारलं नाही. फळीवर ठेवली. मला एवढं हलकं वाटलं म्हणून सांगू, येताना मी देवळात जाऊन आले.

पण गल्ली सामान आणायला रावजीकडेच जाते ना. आज्जींची बरणी फळीवर बघितली आणि सगळ्या सामान विसरून बोलत उभ्या राहिल्या. आज्जींवर अशी वेळ यावी! लेक गिरणीत नोकरीला, सून धडधाकट, आणि म्हातारीला चटण्या विकाव्या लागतात? मग कुणाला तरी आठवलं की अहो, रोज दिवेलागणीला त्यांच्या घरात झाकलेल्या वाट्या जाताना आपण बघतो की. आणि संध्याकाळी त्यांच्या घरातनं चुलीचा धूर निघत नाही. झालं, सगळं जुळलं. त्या संध्याकाळी वाट्यांच्या जागी पातेली आली. बजाबाईनं मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "सूनबाई वाढत न्हाय का वो पोटभर?" मी हसायला लागले, तर तिला वाटलं मी रडते आहे, म्हणून तीच रडायला लागली. मग मला तिला चहा करून द्यावा लागला. रावजीनं तर हद्द केली. बरणी परत आणून दिली ती वरपर्यंत गुळानं भरून. संक्रांत जवळ आली आहे, असू दे, म्हणाला. मी त्याला मायाच नाही म्हणून शोधून काढला होता, आणि तोही फुकट गेला.

गोष्ट गिरणीत पोचली. एका जुन्या जॉबरनं, म्हणजे मुकादमानं, सिद्धनाथला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि घरी काही अडचण असली तर लाजू नकोस असं सांगितलं. सिद्धनाथ घरी आला तो कानापर्यंत लाल होऊन. चप्पलसुद्धा काढली नाही. म्हणाला, "अव्वा, उद्यापासून एक चमचा चटणी घराबाहेर जायची न्हाय."

मी म्हटलं, "आणि गवंडी?"

"गवंडी उद्या सकाळी येतोय."

एवढं बोलून त्यानं बजाबाईच्या पातेल्यातली आमटी वाढून घेतली आणि जेवायला बसला. गड्ड्याला अजून अवकाश होता, मुदत त्यानंच दिलेली, पण ते मी काढलं नाही. खरं सांगते तम्मा, काढायला ताकदच नव्हती. त्या रात्री मी मुसळ फडक्यात गुंडाळून खाटेखाली सरकवलं आणि मुकाट पडले.

गवंडी आला. कुंडलिक त्याचं नाव, मितभाषी माणूस, डोक्याला फडकं, कानाला पेन्सिल. खुंट्या मारल्या, दोरी धरली. दोरी लिंबोणीच्या मधून गेली तेव्हा काट्यांनी त्याचा हात ओरबाडला, मग सोडवून पुन्हा धरली. मी दगडावर बसले होते, उठले नाही. उठा असं त्यानंही म्हटलं नाही. दोरीच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला माझी पावलं, अशी आमची वाटणी झाली. दुपारी त्यानं भाकरी सोडली तर सोबत नुसतं मीठ. बायको संक्रांतीला माहेरी गेली म्हणाला. मी वाटीभर लोणचं दिलं. ते काही मी विकत नव्हते. लाचही देत नव्हते. (थोडी देत असेन.) त्यानं दोन फोडी खाल्ल्या, उरलेलं रात्रीला नेतो म्हणाला, आणि वाटी घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन आला, वर रुमाल झाकलेला. मला वाटलं, तिळगूळ असेल. रुमाल काढला तर आत राखेसारखं काहीतरी. बोट लावून बघितलं, चाखून बघणार होते, तेवढ्यात त्यानं हात धरला. सिमेंट. वाटीभर सिमेंट, वरून बोटानं सारखं केलेलं. मान खाली घालून म्हणाला, "घरी बाई न्हाय आज्जी. वाटी तशीच कशी आणू? जुन्या कामावरचं झाडून आणलं."

बायको माहेरी, घरात दाणा नाही, आणि माणूस काय देणार, तर जे त्याच्या हातात असतं ते. मी ती वाटी मांडीवर घेऊन बसले. गेल्या तीन महिन्यांत ह्या घरात खरवस आला, लोणी आलं, भात आला, गूळ आला, पण एवढी जपून धरलेली वाटी दुसरी नव्हती. मग विचारलं, आता ह्याचं करू काय? त्यानं इकडंतिकडं बघितलं. न्हाणीचं पाणी लिंबोणीकडे जातं तो पाट मधेच फुटला आहे, अर्धं पाणी भिंतीत मुरतं. किती दिवस सिद्धनाथला सांगत होते. कुंडलिकनं तिथंच उकिडवं बसून वाटीत पाणी घातलं, कालवलं, आणि थापीनं पाट लिंपून टाकला. वाटी धुऊन माझ्या हातात दिली. काम बरं झालं होतं, म्हणून मी धीर करून विचारलं की खोल्या कधी सुरू करणार.

तो म्हणाला, "कशानं बांधू आज्जी? पेठेत हिंडून आलो, पोतं न्हाय. सरकारी परमिटाबिगर मिळत न्हाय. तुमच्या वाटीत होतं तेवढंच सिमेंट होतं बघा."

खुंट्या ठोकलेल्या आहेत, दोरी तशीच ताणलेली आहे, दाक्षायणीनं तिच्यावर धुणं वाळत घातलं आहे. तर असं आमचं चाललं आहे. तुमच्याकडे शेंगा कशा झाल्या, थंडी किती, थोरल्या नातीचं कुठं जमतंय का, ते कळवावं. खाली सही म्हणून माझा अंगठा उमटवला आहे. कागदाला लसणाचा वास आला तर तो अंगठ्याचा.

तुझी अक्का,
चंद्रव्वा

ता. क. एक सांगायचं राहिलं. म्हणजे राहिलं नव्हतं, ह्याच्यासाठीच वच्छलाला शाळेतून आल्या आल्या बसवलं. सिद्धनाथ पाळीवर आहे तोवर पत्र पेटीत पडलं पाहिजे. कुंडलिक थापी पुसता पुसता अजून एक वाक्य बोलला. म्हणाला, "पण सायेब सांगत हुते, दुधनीचे मामा गुलबर्ग्याकडनं पोती आणवून देणार हायत. मामांनी शब्द दिलाय." तम्मा, दुधनीत मामा पुष्कळ असतील, पण माझ्या पोराला एकच आहे. शब्द देताना ती पोती कुठं पडणार ते तुला कुणी सांगितलं नसेल, म्हणून रागावत नाही. आता सांगते. मी बसते त्या दगडावर. तेव्हा तू नाही म्हण. भाच्याला सरळ नाही म्हणवत नसेल तर पोती ओली होऊन दगड झाली म्हण. माघात पाऊस कुठला, असं तो विचारणार नाही. सिमेंटच्या बाबतीत लोक काहीही खरं धरतात. तुला व्यापारात असलं बोलायची सवय आहे, मी शिकवायला नको.

आणखी एक ता. क. वरचं सांगत असताना वच्छलाचं पेन थांबलं. मी म्हटलं, काय झालं, शाई संपली का. काही नाही म्हणाली. मग खोदून विचारलं तेव्हा कळलं की नव्या खोल्यांतली एक सिद्धनाथनं तिला कबूल केली आहे. तिची आई जेऊरला एकटी असते, खोकते, तिला इथं आणायची तर आताच्या खोलीत दोन अंथरुणं मावत नाहीत. बघ, आणि ही पोर एवढा वेळ माझ्या बाजूनं सगळं सुवाच्य अक्षरात लिहीत होती. मग मीही तिला खरं काय ते सांगितलं. मुसळ गुंडाळून ठेवलं त्या रात्री माझ्याही मनात आलं होतं की होऊन जाऊ देत खोल्या. मिरच्यांना पाणी नको, खार लागली का बघायला नको, कुणाला काही दाखवून द्यायला नको. त्या विचारानं मला इतकी गाढ झोप लागली की सकाळी लिंबोणीकडे मान वर करून बघवेना. आता आमचं असं ठरलं आहे की आईची बाज माझ्या खोलीत पडेल. माझ्या खोलीत जागा आहे, दाजी गेल्यापासून आहेच. सिद्धनाथला मी बघून घेते. आईला शेंगा फोडता येतात का ते विचारलं, येतात म्हणाली. पेन पुन्हा चालायला लागलं आहे. म्हणजे तू मात्र नाहीच म्हण.

शेवटचं. कुणी येणारं असेल तर त्याच्याबरोबर कडक भाकऱ्या पाठव, ज्वारीच्या, भावजयीच्या हातच्या, फडक्यात बांधून. भांड्यात घालून मुळीच पाठवू नकोस. चटणी नको, चटणीचं नावसुद्धा काढू नकोस. चारच भाकऱ्या पाठव, मी दुधात कुस्करून दोन दिवस खाईन. पाचवी पाठवलीस तर ती बजाबाईला द्यावी लागेल.